घटस्फोटाच्या हुकूमनाम्यानंतरची कामे: मुंबईकरांसाठी मार्गदर्शन

वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कुटुंब न्यायालयातून हुकूमनामा मिळाला की विवाह कायद्याने संपतो. मात्र त्या विवाहात जोडीने उघडलेले बँक खाते, जोडीने घेतलेले गृहकर्ज, सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवरची दोन नावे आणि विम्याच्या अर्जात भरलेले नामनिर्देशन हे सगळे जिथल्या तिथेच राहते. न्यायालय यांपैकी कोणत्याही कार्यालयाला आपणहून काहीही कळवत नाही. जी गोष्ट ज्या कार्यालयात सुरू झाली ती त्याच कार्यालयात अर्ज देऊन संपवावी लागते, आणि ही कामे योग्य क्रमाने केली नाहीत तर खर्च आणि मनस्ताप दोन्ही वाढतात. पुढील माहिती मुख्यतः हिंदू विवाह अधिनियम, १९५५ आणि विशेष विवाह अधिनियम, १९५४ यांखाली झालेल्या घटस्फोटांना धरून दिली आहे. मुस्लिम, ख्रिस्ती आणि पारशी पक्षकारांचे विवाहविषयक कायदे वेगळे असले, तरी कागदपत्रांची कामे त्यांनाही जवळपास तशीच करावी लागतात.

हुकूमनामा आणि त्याच्या प्रती

हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम २३(४) प्रमाणे घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची एक प्रत दोन्ही पक्षांना विनामूल्य मिळते. ही मूळ प्रत कोणत्याही कार्यालयात जमा करू नये. जास्तीच्या प्रमाणित प्रतींसाठी नक्कल विभागात वेगळा अर्ज करून ठरलेली फी भरावी आणि त्याच जागोजागी द्याव्यात. प्रमाणित प्रतीवर न्यायालयाचा शिक्का असतो, शिवाय अर्ज केल्याची, प्रत तयार झाल्याची आणि प्रत दिल्याची अशा तीन तारखा असतात. या तारखांना महत्त्व आहे, कारण अपिलाची मुदत मोजताना प्रत मिळवण्यात गेलेले आवश्यक दिवस वगळले जातात. नोटरीने शिक्का मारलेली झेरॉक्स ही प्रमाणित प्रत नव्हे, हे काउंटरवर गेल्यावर कळण्यापेक्षा आधीच ठाऊक असलेले बरे.

परस्परसंमतीच्या घटस्फोटात कन्सेंट टर्म्स, म्हणजे संमतीच्या अटी, हुकूमनाम्याला जोडल्या आहेत की नाहीत हे प्रत हाती येताच पाहावे. नुसत्या पहिल्या दोन पानांवर बँक किंवा पासपोर्ट कार्यालय समाधानी होत नाही, कारण मुलांचा ताबा आणि मालमत्तेची वाटणी त्या अटींतच लिहिलेली असते. नावातले एखादे अक्षर, विवाहाची तारीख किंवा फ्लॅटचा क्रमांक चुकलेला असेल (२०३ ऐवजी ३०२ असे सर्रास होते) तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १५२ खाली दुरुस्तीचा अर्ज करता येतो. त्याला मुदतीचे बंधन नसले तरी तो लगेच करावा. दुय्यम निबंधकासमोर (दस्त नोंदवणाऱ्या अधिकाऱ्यासमोर) दस्त ठेवल्यावर ही चूक लक्षात आली तर पुन्हा सगळी वारी करावी लागते.

पुनर्विवाहाचा विचार असणाऱ्यांनी मुदत नीट समजून घ्यावी. लढवलेल्या दाव्यातल्या हुकूमनाम्यावर अपील करता येते, आणि हिंदू विवाह अधिनियमाखालच्या प्रकरणांत ही मुदत ९० दिवसांची आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने ठरवले आहे. ती संपेपर्यंत, आणि अपील दाखल झाले असेल तर त्याचा निकाल लागेपर्यंत, दुसरे लग्न करू नये. संमतीने झालेल्या हुकूमनाम्यावर कुटुंब न्यायालय अधिनियम, १९८४ च्या कलम १९(२) प्रमाणे अपील नाही, त्यामुळे तिथे हा प्रश्न उरत नाही. समोरचा पक्ष हजरच झाला नव्हता आणि निकाल एकतर्फी लागला असेल तर मात्र अधिक सावध राहावे, कारण तो पक्ष पुढे येऊन हुकूमनामा रद्द करण्याचा अर्ज करू शकतो. त्याला समन्स खरोखर बजावले गेले होते का, याची खात्री वकिलांकडून लेखी करून घ्यावी.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. स्टॅम्प पेपरवर दोघांच्या आणि चार नातेवाइकांच्या सह्या घेऊन केलेली सोडचिठ्ठी अजूनही घरोघर जपून ठेवलेली आढळते. एखाद्या समाजात काडीमोडाची रूढी आहे असे पुराव्याने सिद्ध झाले तरच कायदा तिला मान देतो. एरवी अशा कागदाने विवाह संपत नाही, आणि त्या भरवशावर केलेले दुसरे लग्न बेकायदा ठरते.

राहते घर

मुंबईत वाटून घेण्यासारखी मालमत्ता बहुतेकांकडे एकच असते, ती म्हणजे राहता फ्लॅट. म्हणून या कामाला सर्वांत जास्त वेळ द्यावा.

कन्सेंट टर्म्समध्ये ‘पती आपला अर्धा हिस्सा पत्नीच्या नावे करून देईल’ असे एक वाक्य असते आणि पुष्कळांना वाटते की त्या वाक्याने घर पत्नीचे झाले. तसे होत नाही. तो फ्लॅट मूळ याचिकेचा विषय नसेल तर नोंदणी अधिनियम, १९०८ प्रमाणे नोंदणीकृत दस्त करावाच लागतो, मग तो हक्कसोड पत्राचा असो वा बक्षीस पत्राचा. मुद्रांक शुल्काचा प्रश्न इथेच उभा राहतो. राहते घर पती किंवा पत्नीला बक्षीस दिले तर महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या अनुच्छेद ३४ प्रमाणे मूळ मुद्रांक शुल्क केवळ २०० रुपये आहे (नोंदणी फी आणि स्थानिक अधिभार वेगळे). ही सवलत पती-पत्नी या नात्याला आहे. हुकूमनामा झाला की ते नाते संपते, सवलतही संपते, आणि तोच दस्त नंतर केला तर हिश्श्याच्या बाजारमूल्यावर पूर्ण दराने शुल्क मागितले जाते. मुंबईत हा दर साधारण ६ टक्के आहे. अर्ध्या हिश्श्याची किंमत ६० लाख धरली तरी ३ लाख ६० हजार रुपये होतात.

ज्यांचा अंतिम हुकूमनामा अजून व्हायचा आहे त्यांनी म्हणूनच हे काम आधी उरकावे. परस्परसंमतीच्या याचिकेत पहिला अर्ज आणि अंतिम जबाब यांच्यामध्ये सहा महिन्यांचा काळ असतो (योग्य प्रकरणांत न्यायालय तो माफ करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितले आहे), आणि दस्तासाठी तो काळ सोयीचा असतो. मात्र हिस्सा सोडून दिल्यावर समोरच्याने संमती मागे घेतली तर काय, हा प्रश्न रास्त आहे. माझ्या मते दस्ताची नोंदणी अंतिम तारखेच्या अगदी आदल्या दिवसांत ठेवावी, आणि संमती मागे घेतली गेल्यास त्या दस्ताचे काय होईल ते कन्सेंट टर्म्समध्ये स्पष्ट लिहून घ्यावे. ज्यांचा हुकूमनामा होऊन गेला आहे त्यांनी शुल्काचा अंदाज वकिलाकडून आणि जमल्यास अभिनिर्णयासाठी (म्हणजे किती शुल्क लागेल ते अधिकृतपणे ठरवून घेण्यासाठी) मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडूनही घ्यावा. एजंटाच्या तोंडी आकड्यावर जाऊ नये.

घरावर कर्ज असेल तर दस्ताच्याही आधी बँकेत जावे. ‘यापुढचे हप्ते पत्नी भरेल’ हे कलम पती-पत्नींना बांधते, बँकेला नाही. सहकर्जदाराचे नाव बँक स्वतः लेखी कमी करत नाही तोपर्यंत हप्ता चुकला की दोघांच्याही नावावर थकबाकी दिसते, दोघांचाही सिबिल स्कोअर घसरतो, आणि घर सोडून गेलेल्या पतीला दुसरे कर्ज मागायला गेल्यावर तो पत्ता लागतो. बँक नाव कमी करण्याआधी उरणाऱ्या कर्जदाराचे उत्पन्न नव्याने तपासते. ते पुरेसे नसेल तर आई, वडील किंवा भाऊ सहकर्जदार म्हणून घालावे लागतात, किंवा कर्ज दुसऱ्या बँकेकडे न्यावे लागते. बँकेचे ना हरकत पत्र हातात आल्याशिवाय गहाण असलेल्या घराचा दस्त करू नये.

शेवटी सोसायटी. नोंदणीकृत दस्त, सूची क्रमांक दोन (नोंदणी कार्यालयाकडून मिळणारा दस्ताच्या तपशिलाचा उतारा, ‘इंडेक्स टू’), बँकेचे पत्र आणि हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत यांसह हस्तांतरणाचा अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. शेअर सर्टिफिकेटच्या मागच्या बाजूला हस्तांतरणाचे रकाने असतात. तिथे नव्या सभासदाचे नाव, तारीख आणि पदाधिकाऱ्यांच्या सह्या आल्या की काम झाले असे समजावे. कमिटीला घटस्फोटाची कारणे विचारण्याचा अधिकार नाही, आणि कोणी जिन्यात अडवून विचारलेच तर ‘कागद अर्जासोबत जोडला आहे’ एवढे उत्तर पुरते. याच फेरीत मालमत्ता कराचे देयक, विजेचे बिल (शहरात बेस्ट, उपनगरांत बहुधा अदानी) आणि पाइप गॅसची जोडणी यांवरील नावेही बदलून घ्यावीत, कारण पुढे पत्त्याचा पुरावा म्हणून हीच बिले लागतात.

पोटगी आणि थकबाकी

पोटगीची रक्कम नेहमी बँकेतून द्यावी आणि घ्यावी. व्यवहाराच्या तपशिलात महिना लिहावा. रोख रक्कम मुलाच्या हाती पाठवणे तर कटाक्षाने टाळावे. त्यात पुरावा राहत नाही आणि मुलाला नको ते ओझे वाहावे लागते.

रक्कम थकली तर दोन मार्ग आहेत. हुकूमनाम्यातली रक्कम वसूल करण्यासाठी त्याच न्यायालयात दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज, दाखल करता येते. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली, म्हणजे १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली, मिळालेल्या पोटगीची थकबाकी वॉरंट काढून वसूल होते. मात्र हा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो. दर थकीत महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते आणि ती भोगली तरी देणे फिटत नाही. ‘देतील कधीतरी’ म्हणून दीड-दोन वर्षे थांबणाऱ्या स्त्रियांचे नुकसान या एका वर्षाच्या अटीमुळेच होते.

देणाऱ्याची नोकरी गेली, आजारपण आले किंवा घेणाऱ्याचे उत्पन्न वाढले तर रक्कम कमी-जास्त करण्यासाठी अर्ज करता येतो. हिंदू विवाह अधिनियमाचे कलम २५(२) त्यासाठीच आहे. परिस्थिती कितीही खरी असली तरी आदेश बदलण्यापूर्वी स्वतःच्या मर्जीने हप्ता थांबवणे हा आदेशाचा भंगच होतो. अशा अर्जात दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता आणि देण्यांचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते, त्यामुळे पगारपत्रके आणि आयकर विवरणपत्रे नीट लावून ठेवावीत. करापुरते सांगायचे तर एकरकमी मिळालेली पोटगी भांडवली स्वरूपाची धरली जाते आणि तिच्यावर आयकर लागत नाही. दरमहा मिळणारी पोटगी मात्र मुंबई उच्च न्यायालयाच्या जुन्या निर्णयानुसार घेणाऱ्याचे उत्पन्न ठरते. स्त्रीधनाचे दागिने परत घेताना वजन, वर्णन आणि शक्य असल्यास छायाचित्रे यांसह पोचपावती करावी आणि तिच्यावर दोघांच्याही सह्या असाव्यात.

मुले

मुलांच्या ताब्याचा आदेश कायमचा नसतो. परिस्थिती बदलली तर हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम २६ खाली तो बदलून मागता येतो. आईने कन्सेंट टर्म्समध्ये मुलाच्या पोटगीवर पाणी सोडले असले तरी मुलाचा हक्क त्यामुळे बुडत नाही. आणि पोटगी व भेट या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत: हप्ता आला नाही म्हणून आईने भेट थांबवू नये, भेट मिळाली नाही म्हणून वडिलांनी हप्ता रोखू नये. दोघांनीही आपापल्या तक्रारीसाठी स्वतंत्र अर्ज करावा. न्यायाधीशांसमोर ज्याने आपली बाजू आधी पाळली असते त्याचे म्हणणे वजनदार ठरते, हे व्यवहारातही खरे आहे.

बहुतेक भांडणे आदेशातल्या मोघम शब्दांतून निघतात. ‘सुट्टीचा अर्धा काळ वडिलांकडे’ असे लिहिलेले असते. पण पहिला अर्धा की दुसरा, आणि सुट्टी निकालाच्या दिवशी सुरू होते की परीक्षा संपल्यावर, हे लिहिलेले नसते. गणपतीचेच पाहा. वडिलांचे घर कोकणात असेल तर मुलाने आजोळी राहायचे की गावच्या गणपतीला जायचे हा वाद चतुर्थीच्या आठवड्यात सुटत नाही. रेल्वेचे आरक्षण आता ६० दिवस आधी उघडते आणि कोकण रेल्वेच्या गाड्या पहिल्या काही मिनिटांतच भरतात, म्हणून हा निर्णय जून-जुलैमध्येच ईमेलने पक्का झालेला असावा. सम वर्षी गणपती वडिलांकडे आणि दिवाळी आईकडे, विषम वर्षी उलट, अशी साधी अट दोघांच्या संमतीने न्यायालयात नोंदवून घेता येते. मुलाचा वाढदिवस, मुंज, आजी-आजोबांचे आजारपण, घरातले लग्न यांसाठीही एक-एक ओळ असावी.

भेटीची जागा आणि वेळ ठरवताना मुलाच्या दिवसाचा विचार करावा. सहावीतल्या मुलाला शनिवारी शाळा, मग क्लास, मग डोंबिवलीहून अंधेरीपर्यंत लोकल असा प्रवास करायला लावून दोन तासांची भेट घडवण्यात कोणाचेच भले नाही. त्यापेक्षा महिन्यातून दोनदा मुक्कामाची भेट बरी. फार ताणलेल्या प्रकरणांत न्यायालयाच्या आवारातल्या मुलांच्या कक्षात भेटी सुरू होतात. ती व्यवस्था तात्पुरती समजावी, आणि विवाह समुपदेशकांच्या मदतीने शक्य तितक्या लवकर बागेत, घरी, आजीकडे अशी ती मोकळी करत न्यावी.

शाळेला आदेशातला फक्त ताबा आणि भेटीचा भाग द्यावा. आरोपांची पाने शिक्षकांपर्यंत जाण्याचे कारण नाही. तातडीच्या संपर्कात दोघांचे क्रमांक असावेत, आणि मुलाला शाळेतून कोण नेऊ शकते ते लेखी असावे. मुलासमोर ‘तुझे बाबा’, ‘तुझी आई’ असाच उल्लेख व्हावा, आणि आत्या, काका, मामा, मावशी ही नाती त्याच्यासाठी पूर्वीसारखीच राहावीत. घटस्फोट नवरा-बायकोचा झालेला असतो.

मुलाच्या पासपोर्टसाठी दोघांची संमती असेल तर परिशिष्ट ‘डी’ आणि एकाच पालकाकडून अर्ज असेल तर परिशिष्ट ‘सी’ लागते. सोबत ताब्याच्या आदेशाची प्रत जोडावी. परदेशी नेण्यापूर्वी दुसऱ्या पालकाची लेखी संमती किंवा न्यायालयाची परवानगी घ्यावी, ताबा आपल्याकडे असला तरीही.

नामनिर्देशन, विमा, मृत्युपत्र

घटस्फोटित पती किंवा पत्नी हिंदू उत्तराधिकार कायद्याने वारस राहत नाही. मुले मात्र दोघांचीही वारस राहतात. तरीही कागदावरचे नामनिर्देशन आपोआप बदलत नाही. बँक ठेवी, पीपीएफ, भविष्य निर्वाह निधी, डीमॅट, म्युच्युअल फंड, आयुर्विमा आणि सोसायटी या प्रत्येक ठिकाणी नवा अर्ज करावा, नाहीतर मृत्यूनंतर रक्कम कोणाच्या हाती द्यायची यावरून म्हातारे आई-वडील आणि जुना जोडीदार समोरासमोर येतात. पतीने विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या १८७४ च्या कायद्याखाली पत्नीच्या नावे पॉलिसी घेतली असेल तर तो एक प्रकारचा न्यास (ट्रस्ट) असतो आणि त्यातले नाव एकट्याच्या मर्जीने बदलता येत नाही. हिंदू व्यक्तीने आधी केलेले मृत्युपत्रही घटस्फोटाने रद्द होत नाही. ते नव्याने करून जुने रद्द केल्याचे त्यात लिहावे.

आरोग्य विम्याकडे सहसा दुर्लक्ष होते. जोडीदाराच्या कंपनीच्या मेडिक्लेममधून नाव निघाले की त्या दिवसापासून संरक्षण संपते, आणि नव्या पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. त्यामुळे स्वतःची पॉलिसी शक्यतो हुकूमनाम्याआधीच घ्यावी.

नाव, ओळखपत्रे आणि मोबाइल

घटस्फोटानंतर माहेरचे नाव लावायलाच हवे असे बंधन नाही. ते लावायचे ठरवले तर राजपत्रातली नोंद, आधार, पॅन, बँक, पासपोर्ट असा क्रम सोयीचा जातो. पासपोर्टच्या अर्जात घटस्फोटित व्यक्तीला पूर्वीच्या जोडीदाराचे नाव देण्याची गरज नाही. शिधापत्रिकेतून नाव कमी केल्याचा दाखला शिधावाटप कार्यालयातून घ्यावा, कारण त्याशिवाय दुसरीकडे नाव चढत नाही.

या सगळ्याच्या आधी, अगदी पहिल्या दिवशी, मोबाइल क्रमांक तपासावेत. पत्नीच्या आधारला, बँकेला किंवा मुलाच्या शाळेच्या ॲपला पतीचा क्रमांक जोडलेला असणे आपल्याकडे अगदी सामान्य आहे, आणि तोवर प्रत्येक ओटीपी त्याच्याकडेच जातो. आधार केंद्रावर जाऊन स्वतःचा क्रमांक जोडावा, संयुक्त खाते बंद करावे, यूपीआय आणि ईमेलचे पासवर्ड बदलावेत.

पोलिसात दिलेल्या तक्रारी

परस्परसंमतीने घटस्फोट झाला म्हणून भारतीय दंड संहितेच्या कलम ४९८-अ चे (पती किंवा सासरच्यांनी केलेल्या छळाचे) जुने प्रकरण मिटत नाही. तो गुन्हा तडजोडीने मागे घेता येत नाही. त्यासाठी उच्च न्यायालयात गुन्हा रद्द करण्याची याचिका करावी लागते आणि तक्रारदार स्त्रीला संमतीचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. पैशाचा शेवटचा हप्ता या याचिकेशी जोडण्याची पद्धत मुंबईत रूढ आहे आणि ती दोघांच्याही हिताची आहे. घरगुती हिंसाचाराच्या अर्जाचा निकाल दंडाधिकाऱ्यांकडून वेगळा घ्यावा. हे राहून गेले तर काही वर्षांनी व्हिसासाठी पोलिसांचा दाखला मागताना प्रकरण पुन्हा वर येते.

वकिलाचा खर्च झेपत नसेल तर विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया आणि मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. पुरुषांना सहसा उत्पन्नमर्यादेत बसल्यास मिळतो. मुंबई शहर आणि उपनगर यांची जिल्हा विधी सेवा प्राधिकरणे वेगळी आहेत, त्यामुळे आपला पत्ता कोणत्या जिल्ह्यात येतो ते पाहून अर्ज करावा किंवा १५१०० या क्रमांकावर विचारणा करावी. जाताना हुकूमनाम्याची प्रत, ओळखपत्र आणि थकबाकीचा महिनावार तक्ता सोबत न्यावा.